‘यू हॅव गॉट अ फ्रेंड’ : पलायनाचे गाणे?

१९७१ सालच्या अमेरिकेचा इतिहास सांगताना व्हिएतनाम येते, पेंटागॉन पेपर्स येतात, आदल्या वर्षी केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळ्यांना बळी पडलेले चार विद्यार्थी येतात. त्या वर्षी ३१ जुलैला बिलबोर्डच्या यादीत अग्रस्थानी पोहोचलेले हे गाणे मात्र तळटिपेतही क्वचितच येते. आलेच, तर थकून घरात शिरलेल्या पिढीचे अंगाईगीत म्हणून त्याची बोळवण होते. हा निवाडा घाईचा आहे.

गाणे कॅरोल किंगचे, तिच्या ‘टॅपेस्ट्री’ या अल्बममधले. अग्रस्थान मिळाले ते जेम्स टेलरने गायलेल्या आवृत्तीला. कडवे मायनरच्या उदास छायेत सुरू होते आणि ध्रुवपदाशी येताच मेजरच्या उजेडात उघडते. दिलासा मुळात या स्वररचनेतच आहे. शब्द अगदी साधे, जवळजवळ बोलीतले. शिवाय टेलर हा काही सुखवस्तू सांत्वनकर्ता नव्हता. किशोरवयातच मनोरुग्णालयात राहून आलेला आणि पुढे हेरॉइनच्या विळख्यात सापडलेला हा तरुण इतरांना सोबतीचे वचन देत होता.

तरीही पलायनाचा आरोप खऱ्या अर्थाने खोडून निघतो तो एका चर्चमध्ये. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये अरेथा फ्रँकलिनने हे गाणे ‘प्रेशस लॉर्ड, टेक माय हँड’ या भक्तिगीतात गुंफले. पत्नी आणि नवजात बालक गमावल्यावर थॉमस डॉर्सीने १९३२ मध्ये रचलेले ते गीत मार्टिन ल्यूथर किंग यांना अतिशय प्रिय होते. १९६८ मध्ये त्यांच्या अंत्यसंस्कारप्रसंगी महालिया जॅक्सनने तेच गायले होते. त्या स्मृतीशेजारी अरेथाने हे कालपरवाचे लोकप्रिय गाणे ठेवले, आणि त्यातला मित्र पाहता पाहता येशू झाला. ज्या समाजाने आपला नेता चार वर्षांपूर्वी गमावला होता, त्याने या गाण्यात पलायन शोधले असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

(२०१५ मध्ये पॅरिसवरील हल्ल्यांनंतर अमेरिकी परराष्ट्रमंत्र्यांनी टेलरलाच तेथे गायला नेले, तेव्हा मात्र बरीच थट्टा झाली. राजशिष्टाचारात मैत्रीचा सूर सहसा लागत नाही.)

सर्वांत अस्वस्थ करणारी आवृत्ती डॉनी हॅथवेची, १९७२ च्या ‘लाइव्ह’ या अल्बममधली. मानसिक आजाराशी झुंजणारा हा गायक १९७९ मध्ये, अवघ्या ३३व्या वर्षी गेला. गाण्याने त्याला वाचवले नाही, हे मान्यच करावे लागते. पण त्या ध्वनिमुद्रणात ध्रुवपद येताच ट्रूबॅडॉर क्लबमधला सारा श्रोतृवर्ग ते उचलून धरतो. गायक आपला आवाज आवरतो, बोटे वाद्यावर चालू ठेवतो आणि त्यांना गाऊ देतो.