चौदा मिनिटांची शांतता

'व्यावसायिक' नाटक म्हटलं की आपल्यातले बरेच जण नाक मुरडतात. मीही मुरडायचो. मग डेव्हिड बेलास्कोबद्दल वाचलं...

ब्रॉडवेवरचा हा निर्माता-दिग्दर्शक पक्का धंदेवाला. पाद्र्यासारखी कॉलर घालून वावरायचा. १९०७ मध्ये न्यूयॉर्कात त्याने स्वतःचं थिएटर उभारलं. 'द ईझिएस्ट वे' (१९०९) या नाटकासाठी त्याने भाड्याने देतात तसली एक कळकट खोली, आतल्या सामानासकट आणि भिंतीवरच्या कागदासकट, विकत घेतली! १९१२ च्या 'द गव्हर्नर्स लेडी'मध्ये तर चाइल्ड्स रेस्टॉरंट जसंच्या तसं रंगमंचावर आणलं आणि तिथे चक्क पॅनकेक भाजले जायचे. यात नाटक कुठे आहे, असं कुणी विचारलं तर मला ते अर्धंच पटतं.

कारण हाच माणूस १९०० मध्ये 'मॅडम बटरफ्लाय'च्या नायिकेला नवऱ्याची वाट बघत बसवतो. संध्याकाळ, रात्र, पहाट... बदलतो तो फक्त प्रकाश. जवळजवळ चौदा मिनिटं एकही संवाद नाही! तिकीट काढून आलेल्या गर्दीपुढे एवढी शांतता ठेवायला छाती लागते. पुच्चिनीने हे नाटक लंडनमध्ये पाहिलं. त्याला इंग्रजी जेमतेम कळायचं, तरी नाटक पोचलं. १९०४ मध्ये त्याचा ऑपेरा आला.

बेलास्को १९३१ मध्ये गेला. त्याची नाटकं आता सहसा कुणी करत नाही. पण गल्ला सांभाळणाऱ्याला कला कळत नाही, असं म्हणायला माझी जीभ आता रेटत नाही. पॅनकेक त्याने गर्दीसाठी भाजले असतील, पण ती पहाट दाखवताना त्याने त्याच गर्दीवर विश्वास टाकला होता.

तुम्हाला काय वाटतं?