सूप गाळू नका!

मैत्रिणींनो, आज सूपची कृती देणार आहे. पण आधी माझी फजिती ऐका.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सासूबाईंचे उरलेसुरले दात काढावे लागले. हिरड्या भरून आल्याशिवाय कवळी बसायची नाही, तोवर पातळच खायचं. मी म्हटलं, त्यात काय अवघड? सूप करू! शाळेत दुपारचे माझे तीनच तास असतात. निघायच्या आधी कुकरला टोमॅटो-गाजर लावायचं, गाळायचं, कॉर्नफ्लोअर लावून उकळायचं नि थर्मासमध्ये भरून ठेवायचं. दिसायला अगदी हॉटेलातल्यासारखं! सकाळी दूध आणि दोन्ही जेवणांना हे सूप. आई मुकाट्यानं पीत.

पंधराएक दिवसांनी देवापुढून उठताना त्यांना घेरी आली. वजन दोन किलोंनी उतरलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "खातात काय?" मी ऐटीत म्हटलं, "दोन्ही वेळा भाज्यांचं सूप!" "त्यात काय घालता?" मी सांगत गेले आणि माझं मलाच उमगत गेलं. भाजीचा सगळा चोथा केराच्या डब्यात, आणि आईंच्या पोटात रंगीत पाणी! "तुझी धावपळ बघत होते गं, म्हणून बोलले नाही," आई म्हणाल्या, तेव्हा तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून आमच्याकडे सूप गाळत नाहीत आणि कॉर्नफ्लोअरचा डबाही उघडत नाहीत. दाटपणा येतो तो मुगाच्या डाळीनं. 100 ग्रॅम मूगडाळीत सुमारे 24 ग्रॅम प्रथिनं असतात. कॉर्नफ्लोअर म्हणजे नुसतं पीठूळ.

चार माणसांना अर्धी वाटी मूगडाळ, एक मोठं गाजर, लाल भोपळ्याची तळहाताएवढी फोड, तेवढाच दुधी, एक लहान बटाटा, फरसबीच्या पाच-सहा शेंगा, एक कांदा, लसणाच्या तीन पाकळ्या आणि दोन टोमॅटो घ्यावेत. फरसबीचे दोर आठवणीनं काढावेत, नाहीतर ते घशाशी येतात. कुकरमध्येच चमचाभर लोण्यावर कांदा-लसूण मंद परतावा, लाल करू नये. लोण्याला काचकूच करू नका. गाजर-भोपळ्यातलं कॅरोटिन अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतोच. मग भाज्या, धुतलेली डाळ आणि चार वाट्या पाणी घालून तीन शिट्ट्या द्याव्यात.

टोमॅटो मात्र कुकरमध्ये घालायचे नाहीत. आंबटपणामुळे डाळ नि भाज्या लवकर मऊ होत नाहीत. ते निराळे उकळून, सालं काढून, नंतर मिसळावेत.

आता घोटणं. पुरणयंत्र असेल तर उत्तम. मिक्सर लावणार असाल तर सगळं आधी पुरतं निवू द्या. मी एकदा घाईघाईत गरमच फिरवलं, वाफेनं झाकण उडालं आणि भिंतीवर केशरी रांगोळी उमटली! कुणाला भाजलं नाही, हे नशीब. घोटल्यावर गरम पाणी घालून बेतशीर करा, म्हणजे कढीपेक्षा दाट, पिठल्यापेक्षा सैल. मीठ, मिरपूड आणि चिमूटभर जिरेपूड घालून पाच मिनिटं उकळा. पालक घालायचा असेल तर बारीक चिरून या उकळीत, झाकण न ठेवता. हिरवा रंग टिकतो.

ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांच्यासाठी वरून वाफवलेले मटार, मक्याचे दाणे, सोबत कडक भाजलेला पाव. 'हे' आधी "आजाऱ्याचं जेवण" म्हणून नाक मुरडत. आता थंडीत रात्री पोळ्यांना सुट्टी मिळते, ती यांच्याच सांगण्यावरून. धाकट्याच्या वाटीत मी दोन घास मऊ भात कालवते, त्याला पत्ताही लागत नाही.

डाळीमुळे हे सूप बुडाला लागतं, तेव्हा पुन्हा गरम करताना थोडं पाणी घालून ढवळत राहा. आणि उरलं तर दुसऱ्या दिवशी थालिपिठाचं पीठ त्यातच भिजवा. वेगळं पाणी लागत नाही, थालिपीठ मऊ होतं, आणि नव्या कवळीलाही झेपतं.