चाळिशीनंतरची बुडी

मैत्रिणींनो, ‘आता या वयात काय शिकायचं!’ हे वाक्य आमच्या मस्तगडात दुपारच्या गप्पांत हमखास ऐकू येतं. त्यावर मला नतालिया मोल्चानोवा आठवते. रशियातल्या या बाईचा जन्म 1962 चा. तरुणपणी ती शर्यतीत पोहायची; पुढे मुलंबाळं झाली आणि पोहणं सुटलं. चाळिशीला आल्यावर मात्र तिनं प्राणवायूची टाकी न घेता, एका श्वासावर समुद्रात खोल बुडी मारायला सुरुवात केली. 2009 साली ती 101 मीटर खोल जाऊन आली. 2013 मध्ये तर पाण्यात निश्चल पडून 9 मिनिटं 2 सेकंद श्वास रोखला. एकूण 41 जागतिक विक्रम! मुलगा अलेक्सीही आईच्याच वाटेनं विक्रमवीर झाला.

पण 2 ऑगस्ट 2015 ला स्पेनच्या फोर्मेंतेरा बेटाजवळ बुडी मारलेली नतालिया वर आलीच नाही. इतक्या तयारीच्या बाईची ही गत!

म्हणून एक सांगते. मे महिन्यात मुलं विहिरीवर ‘पाण्याखाली जास्त वेळ कोण’ अशी पैज लावतात. आधी भराभर खोल श्वास घेऊन बुडी मारली, की ‘आता श्वास घे’ ही शरीराची सूचना उशिरा येते आणि मूल आवाजही न करता बेशुद्ध पडतं. तेव्हा ही पैज लावू देऊ नका, आणि पट्टीचं पोहणारं मोठं माणूस काठावर हवंच.

तुम्ही मात्र राहून गेलेलं काहीतरी शिकायला घ्या; पोहणं, पेटी, नाहीतर सायकल. चाळिशी म्हणजे काही म्हातारपण नव्हे, बरं का!