दुरुस्तीचा संस्कार

वस्तू बिघडली की ती टाकून द्यावी आणि नवी आणावी, हा आज बहुतेक घरांचा रिवाज झाला आहे. ‘दुरुस्तीच्या खर्चात नवी येईल,’ असे दुकानदार सांगतो आणि आपण मान डोलावतो. हा हिशेब खरोखर पुरा असतो का? एका जुन्या यंत्राच्या उदाहरणाने तो तपासून पाहू.

रेडिओ-लहरी पकडणारा ट्यूनर आणि ध्वनीची शक्ती वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत बसवला की त्या यंत्राला रिसीव्हर म्हणतात. १९७० च्या दशकात स्टीरिओ रिसीव्हर बनवणाऱ्या कंपन्यांत मोठी चढाओढ होती. पायोनियर कंपनीच्या १९७८ मधील ‘एसएक्स-१९८०’ या रिसीव्हरची शक्ती प्रत्येक बाजूला २७० वॅट इतकी होती. त्या काळातील अनेक रिसीव्हर आजही वाजतात, कारण ते उघडता येतील असेच घडवलेले होते. भाग सुटे होते, पेटी स्क्रूने बंद केलेली होती आणि दुरुस्ती-पुस्तिकेत आतील सर्व जोडण्यांची आकृती दिलेली असे.

अशा यंत्राची दुरुस्ती म्हणजे एक प्रकारचे रोगनिदानच होय. यात बहुधा प्रथम थकतो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यातील द्रव वर्षानुवर्षांत सुकतो आणि स्पीकरमधून सतत घुंघुं असा आवाज येऊ लागतो. आवाजाचे बटण फिरवताना खरखर झाली, तर दोष बहुधा आत साचलेल्या धुळीचा असतो. तेथे नवा भाग लागत नाही, सफाई पुरते. एक बाजू मुकी झाली, तर कधी डाख दिलेला सांधा तडकलेला असतो, कधी रिलेची टोके काळवंडलेली असतात. जाणता कारागीर आधी आकृती वाचतो, मीटरने मोजतो आणि दोषी तेवढाच भाग बदलतो. नवा कपॅसिटर तेवढ्याच धारकतेचा आणि निदान तेवढेच व्होल्ट सोसणारा असावा लागतो. त्याची धन व ऋण टोके उलटी जोडली तर तो फुटू शकतो. दुरुस्त झालेला संचही तो थेट विजेवर लावत नाही. आधी तारेचा एक दिवा सिरीजमध्ये जोडतो. दिवा प्रखर पेटत राहिला, तर आत अजून दोष आहे असे समजतो. वीज काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरतो, म्हणून अननुभवी माणसाने येथे हात घालू नये.

यावर कोणी म्हणेल की नवे यंत्र हलके असते, वीज कमी खाते आणि मोबाइलशीही जोडता येते. हे खरे आहे. प्रत्येक जुनी वस्तू वाचवलीच पाहिजे, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. ट्रान्सफॉर्मर जळला आणि तसा दुसरा मिळाला नाही, तर मोह सोडावाच लागतो. त्या संचाचे उरलेले भाग मग दुसऱ्या संचाला जीवदान देतात. परंतु एका लहानशा कपॅसिटरपायी कित्येक किलो तांबे, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम भंगारात घालणे ही काटकसर नव्हे. त्या धातूंसाठी खणलेली जमीन आणि दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्तीत ई-कचरा फोडणाऱ्या मजुरांचे आरोग्य दुकानदाराच्या हिशेबात येतच नाही.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण सुटे भाग आणि पुस्तिका हाती आल्याविना हा हक्क कागदावरच राहील. उत्पादकाने ती दोन्ही द्यावीत, हा आग्रह ग्राहकाने धरला पाहिजे.

दुसरे कर्तव्य समाजाचे आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की चेन्नईची रिची स्ट्रीट, तेथील अनेक कारागिरांनी ही विद्या वर्गात बसून नव्हे, तर उस्तादाशेजारी बसून मिळवली. हातात प्रमाणपत्र नाही म्हणून त्यांचे ज्ञान कमी ठरत नाही. त्यांच्या श्रमाला योग्य मोल मिळाले नाही, तर ही विद्या त्यांच्याबरोबरच संपेल. मग पुस्तिका असूनही ती वाचणारा उरणार नाही. म्हणून पुढच्या वेळी एखादी वस्तू बंद पडली, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी ती एकदा कारागिराला दाखवावी. त्याने ‘होत नाही’ म्हटले, तर निरोप द्यावा. पण निदानाआधीच निरोप देऊ नये.