दर उतरला, पण कोणाच्या यादीतला?

मा. अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य,


२२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर उतरले आणि ‘बचत उत्सव’ औंढ्याच्या बाजारापर्यंत आला. माझे इथे किराणा दुकान आहे. शेतमजुराच्या घरची यादी मला पाठ आहे : सुटे तांदूळ, डाळ, गोडेतेल, साखर, चहापत्ती. सुट्या धान्य-डाळीवर कर आधीही नव्हता. तेल, साखर, चहावर पाच टक्के होता, तो आजही पाचच. उतरला तो साबण, शाम्पू, बिस्किटांवरचा. अठराचा पाच झाला.

आता पाच रुपयांचा बिस्किटपुडा घ्या. कराच्या हिशेबाने तो चार रुपये पंचेचाळीस पैशांना द्यायला हवा. वरचे पंचावन्न पैसे परत देऊ कसे? पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चालते, औंढ्यात चालत नाही. काही कंपन्यांनी मग किंमत तीच ठेवून वजन वाढवले. पुड्यात बिस्किट जास्त आले, गिऱ्हाइकाच्या हातात रुपया काही उरला नाही. सहा लाखांच्या ट्रॅक्टरवर मात्र बाराचा पाच टक्के झाल्याने बेचाळीस हजार वाचतात. चांगलेच झाले, पण नांगरटीचा एकरी भाव उतरल्याचे अजून ऐकले नाही.

या कपातीने वर्षाला सुमारे ४८,००० कोटींचा महसूल घटेल, असा केंद्राचाच अंदाज होता. खप वाढून भरून येईल म्हणतात. येईलही. पण केंद्राकडून राज्यांना मिळणारी जीएसटी-भरपाई जून २०२२मध्येच थांबली, तेव्हा आपल्या वाट्याची तूट आपल्यालाच सोसायची आहे. त्याच वर्षी जुलैत राज्याने व्हॅट कमी करून पेट्रोल पाच आणि डिझेल तीन रुपयांनी उतरवले, सहा हजार कोटींचा भार घेऊन. ज्याची टाकी मोठी, त्याची सवलत मोठी.

त्याच वर्षी दिवाळीला रेशनवर राज्याचा ‘आनंदाचा शिधा’ आला : रवा, चणाडाळ, साखर, तेल, सगळे शंभर रुपयांत. दुकानात हाच माल अडीचशेच्या घरात जातो. वाचलेले दीडशे रुपये पंचावन्न-पंचावन्न पैशांनी जमवायचे, तर पावणेतीनशे बिस्किटपुडे खावे लागतील. शिधा आला की माझा खप पडतो, तरीही हे लिहितो आहे. २०२५च्या दिवाळीत तो आला नाही. निधी नाही, असे कानावर आले.

येत्या अर्थसंकल्पात एक तक्ता छापा : दरकपातीत महाराष्ट्राचे किती कोटी गेले आणि त्यापायी कोणत्या योजनेला कात्री लागली. आणि जीएसटी परिषदेत पुन्हा दर उतरवायचा विषय निघाला, तर आधी गोडेतेलाचे विचारा.

आपला,
एक किराणा दुकानदार,
औंढा नागनाथ, जि. हिंगोली