किल्ली कोणाच्या हाती?

म्हसवडच्या बायकांची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. पण ती ऐकून आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो, म्हणून पुन्हा सांगतो. सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यात चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी स्वतःची बँक काढण्याचे ठरवले. प्रवर्तकांत अंगठा उठवणाऱ्या बायका आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. त्या बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या माणसांनी यंत्राविना करून दाखवावा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. अधिकाऱ्यांपुढे चेतनाताई एकट्याच बोलल्या असत्या, तर परवाना कदाचित मिळालाही असता. पण मग बँक त्यांची झाली असती, बायकांची नव्हे.

आमच्या सेवाभावी संस्थांत नेमके हे उलट घडते. संचालक बोलतो, लाभार्थी ऐकतात. अहवाल इंग्रजीत जातो. ज्यांच्याविषयी तो लिहिला, त्यांना तो वाचताही येत नाही. साहेबी थाटाच्या संचालकाची निदान चीड तरी येते. खरा धोका प्रेमळ संचालकाचा. तो सर्वांचा बाप होतो आणि पन्नाशीच्या स्त्रियांनाही लेकरेच समजतो.

'अडाण्यांच्या हाती कारभार दिला तर वाटोळे होईल', हा युक्तिवाद मी शेकडो वेळा ऐकला आहे. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवरचे बळीराजा धरण मुक्ती संघर्ष चळवळीतील शेतकऱ्यांनी श्रमदानाने उभारले, त्यासाठी नदीतील वाळू विकून पैसा जमवला. तज्ज्ञांचा सल्ला त्यांनी घेतला. परंतु पाणी कसे वाटायचे हे स्वतः ठरवले आणि भूमिहीनांनाही वाटा दिला. असा न्याय किती सुशिक्षित कार्यकारिणींना सुचला असता?

मग कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव पुढे केले जाते: अण्णांनी एकहाती संस्था चालवलीच ना? अण्णा कठोर होते, हे मान्य. पण त्यांच्या वसतिगृहातील मुले स्वतः राबून शिकली, आणि पुढे संस्थेचा भार पेलणारी आजीव सेवकांची फळी त्यांनी आपल्या हयातीतच उभी केली. १९१९ साली काले येथे स्थापन झालेली रयत शिक्षण संस्था १९५९ साली अण्णा गेल्यावर थांबली नाही, वाढली. आमच्याकडे धर्मगुरूंची बदली होते आणि शिवणवर्ग बंद पडतो.

सभेत निर्णय घ्यायला वेळ लागतो, भांडणे होतात, हे मला ठाऊक आहे. एका केंद्रात बचत गटांच्या कपाटाची किल्ली अनेक वर्षे माझ्याच खिशात होती. बदली झाली तेव्हा मी ती नव्या संचालकांच्या हाती दिली. पैसे ज्यांचे होते, त्या बायका दारात निरोपाचे हार घेऊन उभ्या होत्या. त्यांना मी विचारलेसुद्धा नाही.