भोजकटाचा रुक्मी आणि क्रोधाचे रूपक

देव म्हणजे सद्गुण, असुर म्हणजे दुर्गुण आणि त्यांचे युद्ध म्हणजे माणसाच्या मनातील संघर्ष, हा पुराणकथांचा अर्थ आता इतका रुळला आहे की कीर्तनापासून उत्तरपत्रिकेपर्यंत तो सर्वत्र आढळतो. हा अर्थ चुकीचा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. त्याला मोठी परंपरा आहे. बृहदारण्यकोपनिषदात देव आणि असुर ही दोन्ही प्रजापतीचीच लेकरे आहेत. शंकराचार्यांनी भाष्यात त्यांना इंद्रियांच्याच दोन प्रवृत्ती मानले. एक शास्त्राने उजळलेली, दुसरी स्वाभाविक ओढीची. गीतेच्या सोळाव्या अध्यायातही दैवी आणि आसुरी संपत्तीची विभागणी आहे. आमचा आक्षेप एवढाच, की अर्थ हाती लागला की आपण कथा वाचणे थांबवतो. कथा मात्र त्या अर्थाच्या पुढे गेलेली असते.

याचे उत्तम उदाहरण आमच्या वऱ्हाडातच आहे. अमरावतीजवळचे भातकुली म्हणजे प्राचीन भोजकट, असे परंपरा मानते. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक ताम्रपटात भोजकट राज्याचा उल्लेख येतो. हे नगर वसवले रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याने. रुक्मी विदर्भाचा राजपुत्र, म्हणजे मनुष्यच; पण महाभारताच्या आदिपर्वात कोणता राजा कोणाच्या अंशाने जन्मला याची जी यादी आहे, तीत तो 'क्रोधवश' नावाच्या असुरगणातून आलेला आहे. गणाचे नावच रूपकाची किल्ली हाती देते.

एकनाथांनी सोळाव्या शतकात रुक्मिणीस्वयंवराला जीव आणि शिव यांच्या मीलनाचे रूप दिले. त्या चौकटीत रुक्मी हा मीलनाच्या आड येणारा विकार ठरणे साहजिक आहे. विकार जिंकला, मीलन झाले, कथा संपली. परंतु भागवतातील रुक्मी तेथे संपत नाही.

रुक्मिणीने प्राणदान मागितल्यामुळे कृष्ण त्याला मारत नाही. त्याचे केस व मिशा कापून त्याला विद्रूप करतो. त्यावर कृष्णाला दोष देतो तो बलराम. आप्ताला विद्रूप करणे हे त्याचा वध करण्यासारखेच, असे तो सुनावतो. बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, ही रुक्मीची प्रतिज्ञा; म्हणून तो भोजकट वसवून तेथेच राहतो. पुढे त्याची मुलगी कृष्णपुत्र प्रद्युम्नाला दिली जाते आणि नात रोचना अनिरुद्धाला. वैर मनात, सोयरीक घरात. त्याच लग्नात भोजकटात द्यूत रंगते, रुक्मी खोटेपणाने विजय सांगतो, बलरामाला गवळी म्हणून हिणवतो आणि बलराम त्याला परिघाच्या प्रहाराने ठार करतो. कृष्ण काय करतो? तो बरेही म्हणत नाही, वाईटही म्हणत नाही. रुक्मिणी आणि बलराम या दोघांचाही स्नेह तुटू नये म्हणून तो गप्प राहतो.

आता विचारावे, या लग्नमंडपात 'क्रोधवश' कोण होता? पूर्वी संयमाचा उपदेश करणारा बलरामच रागाच्या भरात सोयऱ्याला मारतो. असुराचा अंश रुक्मीच्या वंशावळीत लिहिलेला असला, तरी त्या क्षणी तो देवाच्या थोरल्या भावात प्रकट होतो. क्रोध एकदा जिंकून संपत नाही. अपमानित क्रोध आपले स्वतंत्र नगर वसवतो, नात्यागोत्यात मिसळतो आणि क्षुल्लक निमित्ताने दोन्ही बाजूंनी एकदम उसळतो. आमच्या मते या कथेचे आध्यात्मिक मर्म येथे आहे आणि 'असुर म्हणजे दुर्गुण' या सूत्रात ते मावत नाही.

या सूत्राचा दुसरा धोका अधिक गंभीर आहे. आदिपर्वाच्या त्याच यादीत एकलव्याचेही नाव आहे. ज्याने गुरुदक्षिणा म्हणून अंगठा कापून दिला, त्या निषादपुत्राला क्रोधाचे प्रतीक ठरवायचे काय? प्रतीक वृत्तीवरून माणसावर, माणसावरून त्याच्या समूहावर सहज सरकते. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीराजाकडे पराभूत झालेल्या आपल्या माणसांचा राजा म्हणून पाहिले, ते या सरकण्याला दिलेले उत्तर होते. त्यांचा इतिहास म्हणून मांडलेला तर्क कोणाला पटो वा न पटो, त्यांनी विचारलेला प्रश्न टाळून पुराणांचे आध्यात्मिक वाचन करता येणार नाही.

त्याच उपनिषदात आणखी एक कथा आहे. देव, मनुष्य आणि असुर तिघेही प्रजापतीकडे ब्रह्मचारी म्हणून राहतात. तिघांनाही तो 'द' हे एकच अक्षर सांगतो. देवांना त्यातून दमन कळते, माणसांना दान, असुरांना दया. प्रजापती तिघांनाही बरोबर ठरवतो. असुर येथे शत्रू नाही. तो विद्यार्थी आहे आणि आपली उणीव त्याने स्वतःच ओळखली आहे. वर्गात पुराणकथा शिकवताना देवासुरांची यादी फळ्यावर लिहिण्यापूर्वी हे अक्षर लिहावे आणि विद्यार्थ्यांना विचारावे, तुम्हांला यातून काय ऐकू आले?